घाट, जीप आणि चार इंजिने : बुलढाण्याच्या चढावर अश्वशक्ती का घटत गेली?

१/
जीपचे शेवटचे पेट्रोल इंजिन कागदावर ७२ ते ७५ अश्वशक्तीचे होते. त्याच्या जागी आलेले पेजो डिझेल ६२ चे. त्यानंतर खेडोपाडीच्या प्रवासी जीपमध्ये रुळलेले डिझेल इंजिन साठच्याही आत. आकडा दर पिढीत घटत गेला, तरीही गाडीमालकांनी प्रत्येक वेळी नव्या इंजिनासाठी पदरचे पैसे मोजले. ही उलटी वाटणारी गोष्ट समजून घ्यायची तर बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा आणि जुन्या बिगर-टर्बो इंजिनाची रचना, दोन्ही एकत्र पाहावी लागतात. #थ्रेड

२/
बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगताना लोक अजूनही ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ असे विचारतात. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे तालुके, म्हणजे पूर्णा खोऱ्याची काळी, सपाट, कापसाची जमीन. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. दोहोंच्या मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची भिंत उभी आहे.

३/
रेल्वे आली ती घाटाखाली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग मलकापूर, शेगाववरून गेला. १८७० मध्ये कापसासाठी जलंब-खामगाव ही छोटी शाखा झाली आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरात मात्र आजही रेल्वे स्थानक नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे.

४/
परिणामी घाटाखालून मुख्यालय गाठायचे तर रस्त्याने घाट चढण्यावाचून पर्याय नव्हता. मलकापूर-मोताळ्याकडून येणाऱ्यांना राजूर घाट, खामगावकडून येणाऱ्यांना बोथ्याचा घाट. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. सुमारे चारशे मीटरची ही चढण प्रत्येक मोटारीची परीक्षा घेत असे. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा ही परीक्षा अधिकच कठीण होते.

५/
उन्हाचा आणि इंजिनाचा संबंध काय? इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो, पण इंधन जाळायला हवा लागते. टर्बो नसलेले इंजिन हवा स्वतःच्या पिस्टनने ओढून घेते. बाहेरची हवा विरळ, तर आत येणारा श्वासही तोकडा. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. साडेसहाशे मीटर उंचीवर आणखी सुमारे ६ टक्क्यांची घट. म्हणजे भर उन्हाळ्यात घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत शक्तीचा सातवा हिस्सा निव्वळ हवेमुळे गेलेला असतो.

६/
अशा इंजिनाची कामगिरी वाढवण्याचे मार्ग मोजकेच आहेत.
• सिलिंडरमध्ये एका वेळी अधिक हवा भरणे.
• ती अधिक दाबणे.
• मिनिटाला फेऱ्या वाढवणे.
• आतले घर्षण आणि वाया जाणारी उष्णता कमी करणे.
• इंधनच बदलणे.
जीपच्या इतिहासात हे सर्व मार्ग एकामागून एक वापरले गेले. म्हणूनच हा विषय समजून घ्यायला जीपसारखे दुसरे उदाहरण नाही.

७/
सुरुवात १९२६ मध्ये होते, बुलढाण्यापासून फार दूर, अमेरिकेतील टोलेडो शहरात. विलिस-ओव्हरलँड कंपनीने ‘व्हिपेट’ नावाची छोटी, स्वस्त मोटार काढली. तिचे चार सिलिंडरचे इंजिन २१९९ सीसीचे होते. सिलिंडरचा व्यास ३ १/८ इंच, पिस्टनचा पल्ला ४ ३/८ इंच. शक्ती जेमतेम ३० अश्वशक्ती. ही दोन मापे लक्षात ठेवावीत, कारण पुढील अनेक दशके ती बदलली नाहीत.

८/
१९३३ च्या ‘विलिस ७७’ या मोटारीत हेच इंजिन ४८ अश्वशक्ती देऊ लागले. पण त्याची प्रकृती नाजूक होती. पूर्ण वेगाने सलग चालवले तर थोड्याच वेळात ते बिघडे. १९३८ मध्ये डेल्मर ‘बार्नी’ रूस हा अभियंता कंपनीत आला. नवे इंजिन घडवायला कंपनीकडे पैसा नव्हता. जुन्याच इंजिनातून अधिक काम काढणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे होता.

९/
रूसने जादूचा एखादा सुटा भाग बसवला नाही. त्याने पिस्टन ॲल्युमिनियमचे केले, फ्लायव्हील हलके केले, सुट्या भागांतील फटींची मापे काटेकोर केली, अधिक चिवट मिश्रधातू वापरले. त्यामुळे इंजिन अधिक फेऱ्या सहन करू लागले. शक्ती ४८ वरून ६० अश्वशक्तीवर गेली आणि तीही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, तासन्‌तास टिकणारी. या इंजिनाला ‘गो-डेव्हिल’ हे नाव मिळाले.

१०/
जुन्या गाडीचे इंजिन सुधारू पाहणाऱ्यांसाठी रूसचा क्रम आजही बोलका आहे. आधी टिकाऊपणा, मग शक्ती. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने छोट्या लष्करी गाडीसाठी कंपन्यांना पाचारण केले, तेव्हा विलिसची गाडी स्पर्धेत उठून दिसली ती प्रामुख्याने या इंजिनामुळे. युद्धकाळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. ब्रह्मदेश आघाडीमुळे त्यांतील बऱ्याच भारतात आल्या आणि युद्धानंतर काही येथेच विकल्या गेल्या.

११/
गो-डेव्हिलची एक मर्यादा मात्र रूसलाही ओलांडता आली नाही. त्यात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले होते. हवा बाजूने वर येई, वळण घेई आणि मग सिलिंडरमध्ये उतरे. शक्तीसाठी दाब वाढवायचा तर वरची पोकळी कमी करावी लागे, आणि पोकळी कमी केली की हवेची ही वाटच अरुंद होई. दाब वाढवला की श्वास कोंडे. यातून सुटण्यासाठी रचनाच बदलणे भाग होते.

१२/
१९५० मध्ये ‘हरिकेन’ इंजिन आले. ब्लॉकची मापे तीच, १९२६ ची. पण हवेचा व्हॉल्व्ह मोठा करून थेट डोक्यावर, हेडमध्ये नेला. धुराचा व्हॉल्व्ह पूर्वीच्याच जागी राहिला. या अर्ध्या बदलाने शक्ती ६० वरून ७२ वर आणि दाब वाढवलेल्या प्रकारात ७५ वर गेली. टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, १०५ वरून ११४ फूट-पौंड झाला. पंचवीस वर्षांत त्याच २१९९ सीसीमधून ३० ऐवजी ७५ अश्वशक्ती निघू लागली, आणि तीही टर्बोशिवाय.

१३/
हेड उंच झाल्याने इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या ‘सीजे-३बी’ जीपचे बॉनेट उंच करण्यात आले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर ‘जीप’ म्हटले की जो उंच कपाळाचा चेहरा येतो, तो असा एका व्हॉल्व्हच्या स्थलांतरातून घडला. अमेरिकेत हा साचा मागे पडला. भारतात तो दशकानुदशके टिकला.

१४/
भारतात जीप आणली ती महिंद्रांनी. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. मुंबईत माझगाव येथे आयात भागांतून विलिस जीपची जुळणी सुरू झाली. हळूहळू सुटे भाग देशातच तयार होऊ लागले.

१५/
बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात जीप प्रथम दिसली ती शासनाची म्हणून. १९५२ चा सामूहिक विकास कार्यक्रम, १९५६ मध्ये विदर्भाचा मुंबई राज्यात समावेश, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा. प्रत्येक टप्प्यावर तालुक्यात येणारे अधिकारी वाढले आणि त्यांच्यासोबत जीपही. ‘साहेबांची जीप’ हा शब्दप्रयोग त्याच काळाचा. तिच्या पेट्रोलचे पैसे सरकारी खात्यातून जात. त्यामुळे ती किती पेट्रोल पिते, हा प्रश्न चालकाला फारसा भेडसावत नसे.

१६/
पेट्रोलबाबत दुसराच प्रश्न होता, तो दर्जाचा. हवा-पेट्रोलचे मिश्रण प्रमाणाबाहेर दाबले, तर ते वेळेआधी आणि वेडेवाकडे पेटते. चालक त्याला इंजिन ‘नॉक करते’ असे म्हणतात. पेट्रोलचा ऑक्टेन जितका कमी, तितका हा धोका लवकर. म्हणूनच हरिकेनचे दाब-गुणोत्तर माफक होते. सामान्य वापरासाठी ६.९ आणि उंच प्रदेशासाठी ७.४. उंचावर हवा विरळ असल्याने जास्त दाब खपून जातो, असा त्यामागचा हिशेब.

१७/
पुढे जुन्या जीप लिलावात निघून खासगी मालकांकडे आल्या आणि इंजिनाची सुधारणा लेथवाल्याच्या दुकानात पोहोचली. झिजलेला सिलिंडर रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणे, हे नेहमीचे काम. व्यास ३० ‘थाउ’, म्हणजे ०.०३० इंच वाढवला तर २१९९ सीसीचे इंजिन सुमारे २२४१ सीसीचे होते. वाढ दोन टक्क्यांची. हेड घासून दाब ६.५ वरून ७.४ वर नेला, तर कागदावरची कार्यक्षमता साधारण साडेचार टक्क्यांनी वाढते.

१८/
हे आकडे लहान आहेत, पण त्यातच या विषयाचे मर्म आहे. बिगर-टर्बो इंजिनात एकेका कामातून दोन-चार टक्केच मिळतात. व्हॉल्व्ह नीट ग्राइंड करणे, टॅपेटची फट मोजून लावणे, कार्बुरेटर साफ करणे, स्पार्कची वेळ बसवणे, एअर फिल्टर मोकळा ठेवणे. दमलेल्या इंजिनाला या साध्या कामांनी जे मिळते, ते बहुधा नवी शक्ती नसते. हरवलेली शक्ती परत मिळालेली असते.

१९/
आता मूळ कोड्याकडे. घाट चढायला खरोखर किती शक्ती लागते? समजा, माणसे आणि सामानासह दोन टनांची जीप १५ ला १ अशा चढावर ताशी ३० किलोमीटरने चालली आहे. उंची चढण्यासाठी सुमारे ११ किलोवॅट आणि चाकांच्या घर्षणासाठी अडीच किलोवॅट लागतात. एकूण साडेतेरा किलोवॅट, म्हणजे अवघी १८ अश्वशक्ती. ७५ चा आकडा सपाट रस्त्यावर वेगाने जाताना उपयोगी. घाटात तो बहुतेक वेळ पडूनच असतो.

२०/
घाटात महत्त्वाचे हे की ही १८ अश्वशक्ती कमी फेऱ्यांवर, न गुदमरता मिळावी. हे काम टॉर्क आणि गिअर मिळून करतात. जीपच्या ट्रान्स्फर केसमधील ‘लो’ गिअर इंजिनाचा जोर सुमारे अडीच पट करून चाकांना देतो. इगतपुरीच्या वाटेवर, कसारा घाटात, रेल्वेला मागून जोड-इंजिने लावावी लागतात, कारण तेथील चढ ३७ ला १ आहे. जीपला जोड-इंजिन नव्हते. तिचे जोड-इंजिन म्हणजे तो छोटा दांडा.

२१/
१९७३ मध्ये प्रश्नाचे रूपच पालटले. अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेल काही महिन्यांत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेले. भारतात शेती, ट्रक आणि एसटी डिझेलवर अवलंबून असल्याने शासनाने डिझेल तुलनेने स्वस्त ठेवले. तेल कंपन्यांनी बाजारभावाने डिझेल विकण्याची मुभा थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली. मधली चार दशके पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील दरीने ग्रामीण महाराष्ट्रातील इंजिने निवडली.

२२/
डिझेलचा फायदा केवळ दराचा नव्हता. त्यात हवा वीसपटीहून अधिक दाबली जाते, पेट्रोलच्या सातपटीच्या तुलनेत. जितका दाब अधिक, तितका उष्णतेचा मोठा भाग कामी येतो. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त असते. गाडी अर्ध्या जोराने चालत असेल तेव्हा हा फरक आणखी वाढतो, कारण पेट्रोल इंजिनात हवेची वाट झडपेने आवळलेली असते आणि डिझेलमध्ये ती पूर्ण उघडी.

२३/
महिंद्रांकडे डिझेल इंजिन घरातच होते, पण ट्रॅक्टरचे. १९६३ मध्ये त्यांनी अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली होती. तिचा ‘बी-२७५’ ट्रॅक्टर सुमारे ३५ अश्वशक्तीचा. त्याच कुळातील सुमारे २३५० सीसीचे इंजिन जीपमध्ये बसवण्यात आले. जड, खडखडणारे, वेगाला मंद. पण वर काढलेल्या १८ अश्वशक्तीच्या हिशेबात ते सहज बसत होते.

२४/
मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या पेजो कंपनीशी करार झाला आणि ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. व्यास ९० मिलिमीटर, पल्ला ८३, एकूण २११२ सीसी. मोटारीसाठीच घडवलेले असल्याने ते ४५०० फेऱ्यांपर्यंत जाई आणि ६२ अश्वशक्ती देई. १९८० च्या दशकातील ‘एमएम ५४०’ जीपने ते घराघरांत पोहोचवले. ‘डीपी’ ही अक्षरे म्हणजे डिझेल-पेजो.

२५/
याच काळात गॅरेजांमध्ये जुन्या जीपचे हृदय-प्रत्यारोपण सुरू झाले. पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि डिझेल चढवायचे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे छिद्र जुळत नसेल तर मध्ये लोखंडी ॲडॉप्टर प्लेट, नवे माउंटिंग, मोठा रेडिएटर, जास्त क्षमतेची बॅटरी. ग्रामीण महाराष्ट्रात ‘जीपचे इंजिन सुधारले’ याचा अर्थ बहुधा हाच असे. वेग घटे, आवाज वाढे आणि दर किलोमीटरचा खर्च खाली येई.

२६/
पुढचे पाऊल मोजमापाच्या दृष्टीने सर्वांत रंजक आहे. कमांडरसारख्या लांब जीपमध्ये आलेले ‘डीआय’, म्हणजे थेट इंजेक्शनचे इंजिन २५२३ सीसीचे होते. व्यास ८८.९ मिलिमीटर, पल्ला १०१.६. इंचांत पाहा : साडेतीन आणि चार. फ्रेंच मेट्रिक मापे सोडून आकडे पुन्हा इंचांवर आले, कारण ही इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनाचीच मापे आहेत.

२७/
पेजोमध्ये डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटे आणि मग सिलिंडरमध्ये पसरे. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खात. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते, त्यामुळे साधारण दहा ते पंधरा टक्के इंधन वाचते. डीआयची कमाल शक्ती ३२०० फेऱ्यांच्या आसपासच संपे आणि आकडाही पेजोपेक्षा कमी. पण जोर खालच्या फेऱ्यांत मिळे. वारंवार गिअर न पाडता भरलेली गाडी वर जाई.

२८/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. हरिकेनचे ७५ आणि पेजोचे ६२ हे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. त्या काळी अमेरिकी कंपन्या ‘ग्रॉस’ शक्ती जाहीर करत, म्हणजे पंखा, डायनॅमो, सायलेन्सर काढून मोजलेली. गाडीत बसवल्यावरची ‘नेट’ शक्ती कमी भरते. अमेरिकेत ही पद्धत १९७२ च्या सुमारास बदलली. त्यामुळे प्रत्यक्षातील घट कागदावर दिसते त्याहून लहान होती. दिशा मात्र तीच राहते.

२९/
या स्वस्त चालणाऱ्या इंजिनांनी जिल्ह्याचे दळणवळण बदलले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे गावोगावी पोहोचली. पण दिवसातून एक-दोन फेऱ्यांच्या गावांना बाजार, दवाखाना, महाविद्यालयासाठी ती अपुरी पडे. ती पोकळी ‘काळी-पिवळी’ने भरली. पुण्याच्या बजाज टेम्पोची, मर्सिडीझ घराण्याचे २.४ लिटर डिझेल इंजिन असलेली ट्रॅक्सही तिच्या जोडीला आली. या धंद्याचे गणित उघड होते. अश्वशक्तीचे भाडे कोणी देत नाही, प्रवासी फक्त अंतराचे देतो.

३०/
या सुधारणेची एक काळी बाजूही आहे. इंजिन बदलले, ब्रेक बदलले नाहीत. सीजे-३बीचे ब्रेक ९ इंची ड्रमचे, युद्धकालीन जीपइतकेच. दोन टनांची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २० लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने जवळपास सहा लिटर पाणी उकळते. टपावर आणि मागच्या पायरीवर माणसे घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत ही सारी उष्णता गिअरने न रोखल्यास ब्रेकच्या ड्रममध्येच उतरते. चढण्याची ताकद वाढवताना थांबण्याची ताकद वाढवली नाही, याची किंमत घाटांनी अनेकदा वसूल केली.

३१/
टर्बोची कल्पना जुनीच होती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. धुराच्या जोराने पंखा फिरवायचा आणि हवा सिलिंडरमध्ये कोंबायची. २००० मध्ये आलेल्या बोलेरोच्या पुढील आवृत्त्यांत तेच २५२३ सीसीचे इंजिन टर्बोसह आले. घाटमाथ्यावरची विरळ हवा आणि मे महिन्याचे ऊन, या दोन्हींवरचा उपाय एका पंख्यात सापडला. बिगर-टर्बो जीपचा अध्याय तेथे मिटू लागला.

३२/
घरच्या घरी इंजिन बदलण्याचा काळही सरला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर मर्यादा घालते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंदणीपत्रावर नोंद हवी. घाटातील ब्रेकचे उदाहरण पाहता हे निर्बंध अनाठायी म्हणता येणार नाहीत.

३३/
मात्र याच नोंदी आता नाहीशा होत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. पंचायत समित्यांच्या आवारात गंजत उभ्या असलेल्या जीप भंगारात निघत आहेत. त्यांच्यासोबत लॉगबुके, दुरुस्तीची बिले, इंजिन बदलाच्या नोंदीही जातात. गड-किल्ल्यांच्या दगडांची आपण काळजी करतो. गेल्या शतकातील रस्त्यांचा पुरावा मात्र किलोच्या भावाने विकला जातो.

३४/
म्हणून ज्यांच्या घरी किंवा गावात जुनी जीप असेल, त्यांनी तिचे नोंदणीपत्र एकदा काढून पाहावे. इंजिनाच्या क्षमतेच्या रकान्यात २१९९ असेल तर ते १९२६ च्या व्हिपेटचे वंशज. २३५० च्या आसपास असेल तर तेलसंकटाच्या काळातील ट्रॅक्टरचे. २११२ असेल तर इगतपुरीचे पेजो. २५२३ असेल तर साडेतीन बाय चार इंचांचे जुने हार्वेस्टर. गाडीचे मूळ साल आणि इंजिनाची पिढी जुळत नसेल, तर मधल्या काळात कोणीतरी कोठेतरी ते बदलले आहे.

३५/
ते कोणत्या वर्षी बदलले, कोणत्या गॅरेजात, का बदलले आणि त्यानंतर राजूर घाट कोणत्या गिअरमध्ये चढू लागली, हे सांगणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. नोंदणीपत्राचा फोटो काढावा, त्यांच्याजवळ बसावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही माहिती सापडणार नाही. (समाप्त)